वच्छे, वायर सापडली

वच्छे, वायर सापडली.

तीच ती. जाडी, काळी, दोन्ही तोंडं चपटी. तुझ्या पेटीत अगदी तळाला, लग्नातल्या शालूच्या घडीत निघाली. दुकानातून आणली तशीच, पिशवीतून बाहेरसुद्धा न काढलेली. रेखा तुझी लुगडी काढून बाजूला ठेवत होती आणि मी दारात बसून गहू निवडत होते. गहू आधीच निवडलेले होते. पण हात रिकामे राहिले की काय करावं ते कळत नाही, म्हणून निवडलेलेच परत निवडत होते. रेखा म्हणाली, "मोठीआई, मायच्या पेटीत हे काय निंघालं व? साप बसल्यावानी दिसते." मी वळून पाहिलं आणि सूप मांडीवरून घसरलं. गहू सगळ्या ओसरीभर.

मग मी तुला शिवी दिली. तुझी तेरवीसुद्धा व्हायची होती आणि मी तुझ्या लेकीसमोर मोठ्यानं ओरडले, "मेली! गेल्यावर बी सतावून राह्यली!" रेखा दचकली, मग हसली, आणि हसता हसता तिथंच शालूत तोंड खुपसून रडायला लागली. मी तिच्याजवळ जायला हवं होतं. मी गहू वेचत बसले.

काल तेरवी झाली. आज पाहुणे गेले. घर मोकळं झालंय आणि मला एका जागी बसवत नाही. दोन ओळी लिहिते, उठते, चुलीत पाहते, दार उघडते, तुझ्या अंगणाकडे पाहून परत येते. तेव्हा हे लिहिणं वाकडंतिकडं होणार. तुला चालेल. तू कुठे कधी सरळ बसून काही ऐकलंस.

आपण दोघी जावा. मी मोठी, तू धाकटी. वयात मात्र फारसं अंतर नाही. तरी मी तुला तू म्हणायची आणि तू मला 'बाई' आणि 'तुमी'. भावाभावांनी वावर वाटलं, भांडी वाटली, अंगणात भिंत घातली. सीड्या मात्र वाटता येईनात. संध्याचं लग्न माझ्या लेकीचं, पण त्यात सगळी धावपळ तुझी. रेखाचं लग्न तुझ्या लेकीचं, पण त्यात जास्त वेळ दिसते मी. घाटंजीच्या बाजारातून आणलेले सिनेमे, कीर्तनं, बारशी, वास्तुशांती, कोणाकोणाच्या हळदी. कोणत्या कोणाच्या? शेवटी तूच निकाल दिलास. "सीड्या माह्या घरी राहतीन बाई, पेलर तुमच्या घरी राहू द्या." बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात दोन सीड्यांमध्ये कापसाचा पातळ थर घालून तू त्या ठेवायचीस, पापड ठेवावेत तशा. मला पाहायचं असेल तर तू डबा घेऊन यायचीस, तुला पाहायचं असेल तरी तूच डबा घेऊन यायचीस. भिंत घालणाऱ्यांना हे सुचलंच नव्हतं. दोघं भाऊ ओट्यावर कापसाच्या भावाचं बोलत बसायचे आणि आपण आत.

आत म्हणजे कापसात. त्या वर्षांमध्ये कोणाच्या घरात कापूस नव्हता? भाव नाही, मग विकायचा कसा, आज वाढेल उद्या वाढेल करत तो खोलीत साचत गेला, आणि टीव्हीची खोलीच तेवढी मोठी. ढिगावर गोधडी टाकून आपण बसायचो. तू बसलीस की कमरेपर्यंत आत. सिनेमा संपला की दोघी खाजवत बाहेर यायचो. कापसातला किडा काही सिनेमा पाहायला येत नव्हता. भाऊजी रोज विचारायचे, "कसा होता पिक्चर?" आणि तू रोज सांगायचीस, "चावरा."

आणि लाईन. विजेचा काही भरवसा नव्हता. दिवसा कधी यायची, कधी जायची. लाईन कधी येणार ते तुझ्या मनगटावर असायचं. भाऊजींचं जुनं घड्याळ, मोठं, मर्दानी, स्टीलच्या पट्ट्याचं. ते तुला ढिलं व्हायचं म्हणून तू तबकडी आतल्या बाजूला फिरवून घालायचीस. बायका हसायच्या. तुला काही वाटायचं नाही. "वेळ पाह्यची आहे का हात दाखवाचा आहे?"

मग दिलीपनं नागपुराहून नवीन टीव्ही आणून दिला. भिंतीला लागून बसणारा, पाटीसारखा सपाट. पोरगा चार लोकांत सांगत होता, आईसाठी आणला. मी चार गावांत सांगितलं. आणि पहिल्याच दिवशी संध्याच्या लग्नाची सीडी लावली आणि माझं तोंड उतरलं, टीव्हीतलंही आणि बाहेरचंही. जुन्या डबड्या टीव्हीवर जे गोड वाटायचं ते इथं भरडलेल्या डाळीसारखं दिसायला लागलं. मुंडावळ्यांच्या पायऱ्या झालेल्या. नवरदेवाला मिशी आहे का नाही ते कळेना. बाकीच्यांचं जाऊ दे. मी कशी दिसत होते!

वच्छे, त्या लग्नातली ती बाई मला आता पाहवत नाही. मोरपंखी शालू, नाकात नाकापेक्षा मोठी नथ, काखेत पर्स. पर्समध्ये होतं काय? एक रुमाल. कॅमेऱ्याबरोबरचा तो मोठा लाईट जिकडे वळेल तिकडे ही बाई वळते. मंगलाष्टकं चालली आहेत, ही अक्षता टाकते ती कॅमेऱ्याच्या दिशेनं. लेकीची पाठवणी, तिथं रडतेसुद्धा, पण पदर डोळ्याला लावताना एक डोळा उघडा. विहीणबाई बिचाऱ्या नुसत्या कडेकडेनं फिरतायत. मला ती बाई कुठे भेटली ना, तर मी तिला म्हणेन, बाई गं, लग्न लेकीचं आहे, तू जरा खाली बस.

पण तेव्हा नाही म्हटलं. तेव्हा मला तीच बाई स्वच्छ पाहायची होती. दिलीपला फोन केला, टीव्ही परत ने. तो म्हणाला, टीव्ही चांगला आहे आई, तुझा प्लेअर जुना आहे. आता अपस्केलिंगवाले डीव्हीडी प्लेअर मिळतात. सीड्या त्याच ठेव, नुसता प्लेअर बदल. जुनं चित्र तो नव्या टीव्हीच्या मापाचं करून देतो.

मी तुला सांगितलं तर तू पऱ्हाटीत कापूस वेचता वेचता कंबर सरळ केलीस आणि म्हणालीस, "म्हंजे आखूड धाग्याचा लांब धागा करते का थो?"

"तसंच समज."

"मंग आधी आपला कापूस नेऊ त्याच्याकडं. सीडीचं मंग पाहू."

तिथून आपलं भांडण सुरू झालं, जे अजून संपलेलं नाही. तुझं म्हणणं, जे सीडीत नाहीच ते मशीन कुठून आणणार? माझं म्हणणं, आहे सगळं, फक्त दिसत नाही. तू म्हणायचीस, नसलेलं नसते बाई. मी म्हणायची, तुला काय कळतं. पैसे कसे जमवले ते आपल्या दोघींतच राहू दे. भाऊजी हे वाचतील. पण जायचं ठरलं तेव्हा सीडी बरोबर घ्यायची अक्कल तुझी. "कापूस घेऊन जातो तं नमुना दाखवतो ना आपण? तसा आपला माल लावून पाह्यचा. त्याच्या मालावर कायले भरोसा?"

यवतमाळला उतरलो तेव्हा मी पावडर लावलेली होती. कशासाठी, विचारू नको. मला वाटलं असेल, दुकानातसुद्धा कॅमेरा असतो. दुकानदार पोरगा गोड होता, मावशी मावशी करत होता. त्यानं त्याची सीडी लावली: निळं पाणी, त्यात रंगीत मासोळ्या, एकेक खवला मोजून घ्यावा. मी तर बघतच राहिले. तू पिशवीतून टॉवेल काढलास, टॉवेलातून सीडी काढलीस आणि त्याच्यासमोर धरलीस.

"ह्या मासोळ्या आमच्या घरी नाईत. आमची सीडी लावा."

आणि लावली त्यानं. दुकानातला सगळ्यात मोठा टीव्ही, रस्त्याकडे तोंड केलेला, आणि त्यावर मी. वच्छे, खरंच फरक होता गं. नथीचा एकेक मोती सुटा दिसत होता. शालूचा काठ दिसत होता. रस्त्यानं जाणारी माणसं काचेपाशी थांबली आणि मी, ही साठीला टेकलेली बाई, केस सारखे करायला लागले. दुकानदार मागच्या बाजूला हात घालून काहीतरी सांगत होता, ही वायर, ती वायर. माझं लक्ष कुठे? मी टीव्हीत होते. ऐकत होतीस तू.

आणि मग तू हसायला लागलीस. साधं नाही; पदर तोंडात कोंबून, पार खाली, कुलरच्या खोक्यावर बसून.

"काहून हासून राह्यली?"

"काई नाई बाई."

"सांग ना व."

"काई नाई. तुमी भल्ल्या दिसून राह्यल्या."

मला ते खरं वाटलं. इतकी कशी मी अशी, वच्छे? मला ते खरं वाटलं आणि मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून गालात हसत आले.

घरी खोकं तू उघडलंस. पिवळी, लाल, पांढरी अशी तीन तोंडांची वायर तू टीव्हीच्या मागे खुपसलीस, रंगाला रंग लावून, जुन्या प्लेअरला होती तशीच. आणि ती जाडी काळी वायर हातात घेऊन म्हणालीस, "हे जास्तीची देल्ली वाटते त्यानं. चांगली आहे. राहू द्या पेटीत, कामी पडन." आपल्या घरात नव्या आणि चांगल्या वस्तूची जागा पेटीतच असते. नवी चादर पेटीत, नवा कप पेटीत, पाहुणा येईल तेव्हा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

चित्र जसंच्या तसं. भरड. पण मी कबूल करेन तर ना! "पाह्य, कसं लखलखीत दिसून राह्यलं!" तू कापसात रुतून बसलेली. "थेच तं आहे." मी म्हटलं तुझ्या डोळ्यांना झालंय काय. तू म्हटलंस, डोळे चांगले आहेत, मशीन तुमच्या मनासारखी नाही. दिवाळीला दिलीप आला, त्यालाही मी विचारलं, फरक आहे का नाही? तो बिचारा म्हणाला, "आहे ना, थोडा आहे." आईला कोण नाही म्हणेल. तो टीव्हीच्या मागे डोकावला असता तर कळलं असतं. टीव्हीच्या मागे कापूस होता.

आणि तो पांढरा ठिपका. माझ्या कोपराजवळ एक पांढरा ठिपका लुकलुकायचा. कुठे मंगलाष्टकात, कुठे पंगतीत, कुठे पाठवणीत. मी म्हटलं सीडीला चरा पडला. कापसानं पुसली. फडक्यानं पुसली. कोणी सांगितलं दात घासायच्या पेस्टनं चरे जातात, तर पेस्ट लावून पुसली, आणि ती पेस्ट मला आणून दिलीस तू. माझ्याजवळ बसून, मान वाकडी करून पाहत होतीस. "अजून जरा लावा बाई. थ्या बाजूनं." तोंडावर काही म्हणजे काही नाही.

उठून आले जरा. तुझ्या अंगणात शेळी ओरडत होती. तिला कोणी पाला टाकला नव्हता.

तू गेलीस त्या दिवसाचं मी लिहिणार नाही. सकाळी तू भिंतीवरून म्हणाली होतीस, "आज लाईन आली की रेखाच्या लग्नाची लावू. डबा घेऊन येतो." हे ठरलेलं. पुढचं नको. एवढंच लिहिते की ओसरीत तुला निजवलं होतं, बायका भोवती बसल्या होत्या, आणि लाईन आली. माझ्या घरी टीव्हीचं बटन चालूच राहिलेलं. भिंतीपलीकडून एकदम बँडचा आवाज यायला लागला, कोणत्या तरी लग्नाचा. मी धावले. उंबऱ्यात पाय अडकला, तरी धावले. बंद केला. आणि मग त्या बंद टीव्हीसमोर उभी राहून मला इतका राग आला तुझा, की ठरवून वेळेवर आली नाहीस.

तुझा फोटो नव्हता, वच्छे. तेरवीला पाटावर ठेवायला फोटो लागतो, तर सगळ्या घरात तुझा एक फोटो नाही. निवडणुकीच्या कार्डावरचा तेवढा. त्यात तू अशी पाहतेस की जणू कोणी विचारतंय, ही म्हैस तुमचीच का बाई. फोटोवाल्यानं तो मोठा करून दिला, मागे निळं आभाळ लावून दिलं. रेखानं पाहिला आणि उपडा ठेवला. "हे माझी माय नोहे."

"अशीच होती व थोडीशी," मी म्हटलं.

"माय हासे. इच्यात हासत नाई. मोठीआई, मले मायचं तोंड आठवून नाई राह्यलं. हात आठवतात, आवाज आठवते. तोंड आठवाले गेली की हे कार्डच समोर येते."

 मी छाती ठोकून सांगितलं, चिंता करू नको, डबाभर सीड्या आहेत, सगळ्यांत वच्छी असेल. एक तरी हसरं तोंड काढू आणि फोटोवाल्याकडून छापून घेऊ.

लाईन येईल तशा आम्ही दोघी बसलो. सीडीमागून सीडी. तू म्हणायचीस, "मले थांबता येत नाई बाई. फोटोत थांबा लागते." कॅमेरा आला की तू चुलीकडे, कॅमेरा गेला की तू मांडवात, हे मला ठाऊक होतं. पण इतकं? इथं तुझा पदर, तिथं तुझी पाठ, तिथं वाढायला वाकलेली तू, ताटाच्या आड. आणि जिथं म्हणून तू असायला हवी होतीस, जिथं बायकांचा घोळका उभा आहे, तिथं तुझ्या तोंडापुढे माझं तोंड. नथीसकट. प्रत्येक सीडीत.  रेखा नुसती माझ्याकडे पाहून परत टीव्हीकडे पाहायची. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. त्या मोरपंखी बाईला केसांना धरून बाजूला ओढावं असं वाटत होतं. सरक गं. सरक. मागं बघ कोण आहे.

दुसऱ्या दिवशी ती वायर निघाली.

रेखानंच लावली. महागावला तिच्या घरी असा टीव्ही आहे, तिला कळतं. "मोठीआई, तुमी इतके दिवस ह्या तीन रंगाच्या वायरीनं पाहून राह्यल्या होत्या? जाड्या वायरीबिगर थो प्लेअर काई कामाचा नाई." मी तिला सांगितलं तुझी आई म्हणाली जास्तीची आहे.  मग आम्ही दोघी लाईनची वाट पाहत कापसावर बसून राहिलो. लाईन दुपारी आली.

संध्याचं लग्न. तो घोळका. मी. मोती सुटे सुटे, दुकानात दिसले होते तसे. पण या वेळी मी माझ्याकडे पाहत नव्हते. मी मागं पाहत होते, माझ्या खांद्यामागच्या अंधारात, तू दिसतेस का म्हणून. आणि कोपराजवळ तो ठिपका लुकलुकला.

तो चरा नव्हता, वच्छे. ते घड्याळ होतं.

भाऊजींचं. तबकडी आतल्या बाजूला, आणि पट्ट्यावर लाईटचा उजेड. घड्याळाच्या वर तुझा हात, घड्याळाच्या पुढे तुझी बोटं, आणि ती बोटं माझ्या कोपरावर. कॅमेरा वळतो, लाईट आपल्या दोघींवर येतो, आणि तुझा हात मला ढकलतो. सरळ पुढे. मी एक पाऊल पुढे जाते, पदर सावरते, नथ सावरते, जणू मला कोणी बोलावलंय. मागे तू गायब.

"मागं घे," मी म्हटलं.

रेखानं मागं घेतलं. परत ढकललंस. बँडच्या आवाजात ऐकू काही येत नाही, पण मला कशाला ऐकू यायला हवं. "बाई, तुमी पुढं व्हा. तुमी मोठ्या." जन्मभर तू हेच म्हणत आलीस. मोठ्या जावेनं पुढं उभं राहायचं, धाकटीनं मागं, ही रीतच आपली; मला वाटायचं तू रीत पाळतेस. तू रीत नव्हतीस पाळत. तू लपत होतीस, आणि मी तुझा पडदा होते. अंगानं भरलेला, मोरपंखी.

म्हणून तू दुकानात हसलीस. तिथं ती जाडी वायर लावलेली होती. त्या मोठ्या टीव्हीवर तुला तुझा हात दिसला, आणि शेजारी मी उभी, केस सारखे करत. तिथं बसून तू पोटभर हसलीस, आणि घरी येऊन ती वायर शालूत ठेवलीस.

का जपून ठेवलीस, चांगली वस्तू म्हणून? का मला दिसू नये म्हणून? मला हे पाहिजे, वच्छे. मला हे उत्तर पाहिजे, आणि तू नाहीस. फिरून फिरून इथंच येते मी. चूल पेटवते तेव्हा वाटतं जपली. भांडी घासते तेव्हा वाटतं लपवली. आणि आपलं भांडण? तूच म्हणायचीस ना, नसलेलं नसते. मग हे काय होतं? होतंच तर. पहिल्यापासून होतं. मीच माझी नथ पाहत बसले होते.

रेखानं ते चित्र थांबवलं, फोटोवाल्याला दाखवायला. थांबवलं आणि सगळं तुटलं. हाताचे दोन हात झाले, घड्याळाच्या रेघा रेघा झाल्या, सगळं थरथर कापायला लागलं. फोटोवाला येऊन पाहून गेला. म्हणाला, मावशी, हे निघणार नाही, आणि यात चेहरा कुठे आहे? रेखानं परत चालू केलं तशी तू परत आलीस, ढकललंस, गेलीस. "राहू द्या मोठीआई," रेखा म्हणाली. "माय थांबत नाई. नोका थांबवू तिले."

आणि ती हसली. ओठ तसेच, वरचा दात जरा पुढे, डोळे आधी बारीक होतात आणि मग आवाज. मी पाहतच राहिले. मी तिला आरसा आणून दिला. म्हटलं, हे घे, तोंड आठवत नव्हतं ना मायचं.

तेरवीला मग पाटावर कार्डावरचाच फोटो ठेवला. हार घातला. तू त्यातून विचारत होतीस म्हशीचं. पण पंगत उठली आणि बायका आत आल्या, आणि रेखानं सगळ्यांना कापसावर बसवून ती सीडी लावली. तेरवीच्या घरात लग्नाचा बँड! आधी सगळ्या एकमेकींकडे पाहत होत्या. मग तो हात आला. शिवणकाम करणाऱ्या शकीलाभाभी खास घाटंजीहून आल्या होत्या; त्या एकदम ओरडल्या, "अगं बाई, मेरेकू भी ऐसाच ढकली थी ये! सोनी के बारसे में! मेरेकू लगा किसका धक्का लगा!"

"मले बी," कोणीतरी म्हणालं.

"मले तं ओटीच्या वक्ती. मी नवरदेवाच्या मायवरच जाऊन पडली होती."

शेजारच्या सोनीच्या बारशाची सीडी काढली. घड्याळ. हळदीची काढली. घड्याळ. कोणाच्या पाठीवर, कोणाच्या कमरेवर, एका ठिकाणी तर सरपंचाच्या बायकोच्या थेट अंबाड्यावर. डबाभर सीड्या, आणि सगळ्यांत तू. बायका हसता हसता कापसात लोळल्या. भाऊजी दारात येऊन उभे राहिले. "काय चालू आहे व?"  मग त्यांनीच पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "घड्याळ माहं," ते म्हणाले, "अन् मले कधी पुढं ढकललं नाई तिनं." सगळ्या हसल्या. तेही हसले, आणि ओट्यावर जाऊन भावाशी कापसाच्या भावाचं बोलायला लागले. 

आज सकाळी रेखा महागावला गेली. जाताना पाया पडली, पिशवी उचलली. गाडी गेल्यावर मी आत आले आणि टीव्हीच्या मागे पाहिलं. तीन रंगांची वायर. पिवळ्याला पिवळी, लालला लाल. जाडी वायर नाही. फोन केला तर म्हणते, "चांगली वस्तू आहे मोठीआई. माह्या पेटीत राहू द्या. आली की लावू." तुझीच पोरगी. मी फोनवर तिलाही शिवी दिली.

आता तीच बारशातली सोनी लग्नाची झाली, तिचं लग्न निघेल. मांडव पडेल, कॅमेरावाला येईल, लाईट फिरत फिरत बायकांच्या घोळक्यावर येईल. मी कुठे उभी राहू, वच्छे? लोकांना वाटतं मी पुढं पुढं करणारी बाई. मलाही तसंच वाटायचं. आता कोपराला काही लागलं नाही तर माझं पाऊल उचलेल का, ते मला ठाऊक नाही.

लाईन आत्ताच आली. सीडी लावलेलीच होती. चित्र परत भरड झालंय, नथ कुठली आणि मोती कुठला काही कळत नाही. मोरपंखी बाई लाईटकडे वळते आहे. तिच्या कोपराजवळ पांढरा ठिपका लुकलुकतोय.

मी आता पुसत नाही.